घरातली पक्कड आणि वाळत घालायची तार

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून एक पक्कड पाहत आले आहे. मामंजींच्या वेळची. शिवणाच्या मशिनच्या खणात बॉबिन, खडू आणि तुटक्या चेनच्या सोबतीला पडलेली असायची. तिच्या धारेच्या पात्यात हरभऱ्याएवढी अर्धगोल खाच आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं, की ती खाच कारखान्यातच पाडलेली असते, तार नीट बसावी म्हणून. ती तशी नव्हती हे मला गेल्या जुलैत समजलं, तेही स्टुलावर चढलेली असताना. आज तीच हकीकत सांगणार आहे, आणि तिच्या निमित्ताने पक्कड कशी घ्यावी आणि कशी वापरावी हेही.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, भाज्या-लोणच्यांच्या या पानावर पक्कड कुठून आली? पण जरा आठवून पाहा. घरातलं खिळा-तार-स्क्रूचं काम अडलं की आपण काय करतो? ‘हे’ आले की सांगू, म्हणतो. आमच्या यांची बदली झाल्यापासून हे शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जातात. म्हणजे घरातली सगळी दुरुस्ती एका रविवारात. त्यात जेवण, झोप आणि पाहुणेही आले! मग कामं साठत जातात. पडद्याची तार सैल आहे, दप्तराची चेन निसटते, पायपुसण्याच्या स्टँडचा कोपरा बोचतो, असलं सगळं चालवून घ्यायची आपल्याला सवय होते. काही गोष्टी मात्र रविवारपर्यंत थांबत नाहीत.

आमच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार होती. एक टोक न्हाणीघराच्या पत्र्याच्या लोखंडी अँगलला, दुसरं भिंतीतल्या हुकाला. त्याच भिंतीवर, त्या हुकाच्या वर हातभर अंतरावर, खांबावरून मीटरकडे येणारी विजेची तार. रोज दिसते म्हणून ती कधी दिसलीच नाही. जुलैत दोन दिवस सोसाट्याचा वारा आणि पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी शाळेला निघायच्या घाईत मी टॉवेल तारेवर टाकला आणि बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. पायात चप्पल होती, म्हणून तेवढ्यावर भागलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, कालपासून मलाही मुंग्या येताहेत हाताला. मला वाटलं संधिवातच सुरू झाला!”

ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. सासूबाई अंगणात अनवाणीच वावरतात आणि पावसाळ्यात आमची शहाबादी फरशी दिवसभर ओली असते.

मी शाळेत निरोप पाठवला, मुलांना घरात घेऊन दार लावून घेतलं आणि यांना फोन केला. हे म्हणाले, “शनिवारी आल्यावर बघतो, तोवर तारेला हात लावू नका.” सल्ला चुकीचा नव्हता, पण आमचा धाकटा चार वर्षांचा. त्याला ‘तारेला हात लावू नको’ म्हणणं म्हणजे तारेचं आमंत्रणच. मी ठरवलं, ती तारच तोडून टाकायची. घरातला मेन स्विच बंद केला. पंखा थांबलेला पाहून खात्री करून घेतली. मशिनच्या खणातून पक्कड काढली. तिच्या दांड्यांवर लाल प्लास्टिकची आवरणं आहेत, त्यामुळे मला आणखी धीर आला. स्टूल मांडलं, चढले, पक्कड उघडली.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून ओरडा आला, “वहिनी, आधी खाली उतरा!”

समोरच्या घरात एक काका राहतात. उभी हयात वायरमनचं काम केलं, आता निवृत्त आहेत. ते कुंपणापाशी आले आणि त्यांनी विचारलं, “मेन बंद केलात म्हणता, पण मेन बंद केल्यावर कुठली वीज बंद होते?” मी म्हटलं, “घरातली.” “बरोबर. आणि ही तार घराच्या आत आहे का बाहेर?”

मैत्रिणींनो, मी बी. ए. झाले आहे, मुलांना शिकवते, पण हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. आपला मेन स्विच हा मीटरनंतर असतो. तो पाडला की त्याच्या पुढचे दिवे, पंखे, प्लग बंद होतात. खांबापासून मीटरपर्यंत येणारी तार मात्र त्याच्या अलीकडे असते. मेन बंद असो की चालू, त्या तारेत वीज असतेच. वाऱ्याने ती तार खाली झुकली होती, हुकाला घासून तिचं आवरण सोललं गेलं होतं आणि आमची वाळत घालायची तार त्याच हुकाला बांधलेली. काकांनी कोरड्या लाकडी फळीवर उभं राहून हुकाला टेस्टर लावून दाखवला. घरातला पंखा बंद आणि टेस्टरचा दिवा पेटलेला! तो लालसर ठिपका मी विसरणार नाही.

मग त्यांनी १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवायला लावली. ‘वाळत घालायच्या तारेत करंट उतरलाय’ असं स्पष्ट सांगायला लावलं, म्हणजे ते काम साध्या ‘लाइट नाही’च्या रांगेत जात नाही. संध्याकाळी माणसं आली, खांबावरून वीज बंद करून त्यांनी ती तार बदलली आणि उंच, वेगळ्या क्लॅम्पवर घेतली. काकांनी पुन्हा टेस्टर लावून पाहिला आणि मग मला म्हणाले, “आता तोडा.” मी ती तार तोडली. खरं सांगते, हात थरथरत होता.

काकांनी माझ्या हातातली पक्कड घेऊन उजेडात धरली. “ही खाच कशाची, ठाऊक आहे?” ते सासूबाईंनीच सांगितलं. फार वर्षांपूर्वी मामंजी इस्त्रीची वायर तोडायला बसले होते. बटण बंद होतं. पण ते बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेलं होतं. म्हणजे बटण बंद केलं तरी फेजच्या तारेतून वीज इस्त्रीपर्यंत येतच होती, आणि प्लग भिंतीतून काढलेला नव्हता. पक्कडीने एका दमात सगळी वायर कापली, फेजची तार पात्यातून अर्थिंगच्या तारेला जोडली गेली, जाळ झाला आणि पोलादाचा तेवढा तुकडा वितळून उडाला. “घरभर काळोख, आणि हे हातात पक्कड धरून बसलेले. बोलेनात की हलेनात,” सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून मामंजींनी विजेच्या कामाला हात लावला नाही. पण पक्कड टाकूनही दिली नाही. आपली माणसं अशीच!

आणि ती लाल आवरणं? काकांनी नखाने दाबून दाखवली. एका बाजूला उभी चीर गेलेली. आणि नसती गेली तरी काय? नेहमीच्या पक्कडीवर असतात ती प्लास्टिकची आवरणं हाताला बोचू नये, घसरू नये म्हणून. ती विजेपासून राखण करतील अशी हमी कोणी दिलेली नसते. खास विजेच्या कामाची पक्कड वेगळी येते. तिच्या दांड्यांवर १००० व्होल्टचा आकडा आणि दोन त्रिकोणांची खूण असते, आवरण जाड असतं आणि पुढे बोट घसरू नये म्हणून कठड्यासारखी उंच कड असते. ती महाग असते. आणि ती हातात असली तरी वीज चालू ठेवून काम करणं हे शिकलेल्या वायरमनचं काम, आपलं नव्हे. आपल्यासाठी नियम एकच ठेवायचा. जी वस्तू प्लगमधून काढून टेबलावर आणता येते, तिलाच हात लावायचा. भिंतीतल्या तारेला नाही आणि भिंतीबाहेरच्या तारेला तर मुळीच नाही.

आणखी एक, आणि हे मुलांनाही सांगून ठेवा. कोणी तारेला चिकटलं तर धावत जाऊन त्याला धरायचं नाही. आधी मेन बंद. बाहेरच्या तारेचं असेल तर मेनने काही होणार नाही, म्हणून कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने माणसाला तारेपासून दूर लोटायचं. खांबावरची तुटून पडलेली तार असेल तर तेही नाही. लांब उभं राहायचं, इतरांना लांब ठेवायचं आणि वीज कंपनीला कळवायचं.

तर, नवी पक्कड घ्यायची ठरली. मी पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “साहेबांना पाठवा ना, ते बघून घेतील.” मी म्हटलं, “वापरायची मला आहे. साड्या घेताना आम्ही साहेबांना पाठवतो का?” तो हसला आणि त्याने दोन-तीन पकडी काउंटरवर ठेवल्या.

काकांनी मला चार गोष्टी पढवून पाठवलं होतं. पहिली, पक्कड मिटून दिव्याकडे धरायची. पात्यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर ती पक्कड नको. दुसरी, वर्तमानपत्राचा तुकडा पात्यात धरून कापून पाहायचा. धार सगळीकडे सारखी असेल तर कागद स्वच्छ तुटतो, नाहीतर चुरगळून पात्यात अडकतो. (दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण नंतर स्वतःच दुसरा तुकडा फाडून दिला.) तिसरी, दोन दांड्या एकमेकींच्या आडव्या दिशेला हलवून पाहायच्या. सांधा लटलटला तर पाती एकमेकांवर नीट येणार नाहीत. फार घट्टही नको. एका हाताने उघडता-मिटता आली पाहिजे. आणि चौथी, पूर्ण मिटल्यावर दोन दांड्यांमध्ये बोटभर फट राहिली पाहिजे. ती नसेल तर जोर लावताना तळहाताची कातडी मध्ये सापडते, आणि तो चिमटा साधा नसतो!

मापाचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं, ते मला दुकानातच कळलं. आठ इंची पक्कड सगळेच घेतात म्हणून मी ती हातात घेतली. उघडली की माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खालच्या दांडीपर्यंत पोहोचेना. जोर लागणार कसा? सहा इंची घेतली आणि ती हातात अशी बसली जशी काही माझ्या मापानेच केली आहे. आठ इंचीला लांब दांड्यांमुळे जोर जास्त मिळतो हे खरं, पण तो हातात मावला तर. तुमचा पंजा मोठा असेल तर आठ इंची घ्या. बांगड्या जशा माप घालून घेतो, तशीच पक्कड घ्यायची.

किमतीत फरक बराच असतो. हलक्या पकडी चकचकीत मुलामा दिलेल्या असतात आणि दोन-चार लोखंडी तारा कापल्या की पात्यांना करवतीसारखे दात पडतात. आपल्या नाशिकला तयार होणाऱ्या टपारियाच्या पकडी दुकानात सहज मिळतात. दुसऱ्याही चांगल्या आहेत. नावापेक्षा वरच्या परीक्षांवर भरवसा ठेवा, कारण नावाची नक्कलही होते. आणि एक हौशी मोह टाळा. एका पेटीत वीस-पंचवीस हत्यारं भरलेला संच स्वस्तात मिळतो. मला तो प्रेशर कुकरबरोबर फुकट मिळणाऱ्या चमच्यांसारखा वाटतो. तेवढ्या पैशांत दोन चांगली हत्यारं घ्यावीत.

ती दोन कुठली? एक ही नेहमीची पक्कड. नीट पाहिलंत तर तिच्यात तीन कामं आहेत. टोकाशी सपाट, खरखरीत जबडा, तो धरायला आणि वाकवायला. मध्ये दातेरी पोकळी, ती गोल नळी किंवा बाटलीचं घट्ट बूच धरायला. आणि सांध्याजवळ धार, ती तार कापायला. काही पकडींना सांध्याच्या बाहेरच्या बाजूलाही एक लहान खाच असते, दांड्या मिटल्या की ती तार कातरते. (मला मामंजींच्या पक्कडीची खाच तशीच वाटली होती.) दुसरी घ्यायची ती लांब चोचीची, दुकानात ‘नोज प्लायर’ म्हणून मागा. बारीक कामाला तिच्यासारखी नाही. तिसरं साइड कटर. ते फक्त कापतं, पण अगदी कोपऱ्यात जाऊन कापतं. घरात तारेचं, मण्यांचं काम करणारी कोणी असेल तरच ते घ्या. त्याची एक बाजू सपाट असते. जो भाग आपल्याला ठेवायचा आहे त्याच्याकडे ती सपाट बाजू धरली की तारेचं टोक बोचरं राहत नाही.

पक्कडीने तार कापताना नव्या माणसाची एकच चूक होते. तार पात्याच्या पुढच्या टोकाशी धरायची, आणि मग दोन्ही हातांनी दाबत बसायचं. सुपारी कातरताना आपण असं करतो का? अडकित्त्यात सुपारी आत, खिळीच्या जवळ सरकवतो, नाहीतर ती फुटत नाही. इथेही तसंच. गेल्या वर्षी विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या म्हणून सहावीवर मला ‘साधी यंत्रे’ शिकवावी लागली, तेव्हा तरफ आणि टेकू मी या अडकित्त्यावरच निभावून नेले. सांधा हा टेकू. हात सांध्यापासून बारा सेंटिमीटरवर आणि तार दोन सेंटिमीटरवर असेल, तर हाताचा जोर तारेवर सहापट होऊन पडतो. तीच तार चार सेंटिमीटरवर धरली तर तिप्पटच. म्हणून तार जितकी आत, तितकी हाताची दमछाक कमी.

कापताना चेहरा बाजूला घ्या. कडक तारेचा तुकडा उडाला तर सरळ डोळ्याकडे येतो. उडणारं टोक दुसऱ्या हाताने धरा किंवा वर जुनं फडकं टाका. मुलं जवळ नकोत. आणि मऊ तारेच्या पक्कडीने पोलादी वस्तू कापू नका. शिवणाची सुई, सायकलच्या ब्रेकची तार, मशिनची स्प्रिंग यांनी पात्याला दात पडतो आणि पडलेला दात घरी काढता येत नाही.

तार विकत घेताना दुकानदार विचारतो, “कितीची?” गोंधळू नका. तारेचे नंबर आपल्या विणायच्या सुयांसारखे उलटे असतात. नंबर वाढला की जाडी कमी. वीस नंबरची तार एक मिलिमीटरलाही जरा कमी, सोळा नंबरची दीडपेक्षा किंचित जास्त. आकाशकंदिलाच्या काड्या बांधायला, मखराला फुलं अडकवायला काळी बाइंडिंगची तार वीस नंबरची पुरे. ती मऊ असते. बांधताना हाताने दोन पिळे द्या, मग पक्कडीने दोन्ही टोकं एकत्र धरून जरा आपल्याकडे ओढत एक-दीड पिळा. जास्त पिळली की तुटते. आमच्या थोरलीने गेल्या दिवाळीत सहा गाठी तोडल्यावर तिला तो अंदाज आला. टोक कापून आत वळवा, नाहीतर कंदिलाचा कागद फाटतो आणि बोटही.

नोज प्लायरची घरातली कामं तर मी मोजणं सोडलं आहे. दप्तराची, पर्सची चेन लावली तरी मागून उघडत जाते ना? चेन बहुतेक वेळा चांगली असते, तिचा सरकता धावक सैल झालेला असतो. धावक चेनच्या तळाशी आणून त्याच्या मागच्या कडा, आधी डावी मग उजवी, चोचीत धरून अगदी हलक्या दाबा. एकदा दाबून चालवून पाहा, मग पुन्हा. एकदम जोर केला तर तो चिरतो.

पैंजणाची किंवा गळ्यातल्या साखळीची कडी उघडायची असेल तर तिची टोकं बाजूला फाकवू नका. एक टोक पुढे आणि एक मागे असं वळवा, आणि मिटताना तसंच परत आणा. असं केलं की कडीचा गोल बिघडत नाही आणि ती पुन्हा घट्ट मिटते. त्यासाठी दोन चिमटे लागतात. मी एका हातात नोज प्लायर आणि दुसऱ्यात पक्कड धरते. जबड्याला दाते असतात, म्हणून सोन्याचांदीवर ओरखडे उठू नयेत यासाठी जबड्यांवर औषधाच्या चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळा. मंगळसूत्राची तार झिजून बारीक झाली असेल तर मात्र सोनाराकडेच जा. तिथे आपली हुशारी नको.

विजेचं जे काम मी आता बिनदिक्कत करते ते एकच, इस्त्रीचा किंवा मिक्सरचा तीन पिनांचा प्लग बदलण्याचं. वस्तू प्लगमधून काढून टेबलावर आणलेली असते, त्यामुळे वीज येणार कुठून? वायरचं आवरण सोलताना पक्कड आतल्या तांब्याला लागू देऊ नका. आवरणावर भोवताली हलकी खूण पाडायची आणि ते ओढून काढायचं. आतले चार धागे जरी तुटले, तरी उरलेल्या धाग्यांवर सगळा भार येतो आणि ती जागा तापते. इस्त्रीचा प्लग काळा पडतो तो पुष्कळदा यामुळेच किंवा सैल स्क्रूमुळे. धागे घट्ट पिळून स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवायचे, म्हणजे स्क्रू आवळताना ते बाहेर न येता आत ओढले जातात. हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार मोठ्या पिनेला. तपकिरी किंवा लाल तार फेजची, निळी किंवा काळी न्यूट्रलची. प्लग उघडलात की पिनांजवळ अक्षरं छापलेली दिसतील. जुन्या प्लगमधून तारा सोडण्याआधी कुठली कुठे होती ते कागदावर मांडून ठेवा.

पक्कडीने काय करायचं नाही, तेही सांगते. नट-बोल्ट फिरवायला पाना असतो. पक्कडीने नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो पान्यालाही दाद देत नाही. नळावर तर मुळीच नको, चकचकीत मुलामा ओरबाडला जातो. हातोडीसारखी ठोकायला नको, सांधा सुटतो. गॅसच्या रेग्युलेटरला आणि नळीला पक्कड कधीही लावू नका. अडलं तर एजन्सीला फोन करा. आणि सांडशी सापडत नाही म्हणून विस्तवावरून तापलेलं काही पक्कडीने उचलू नका. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, म्हणजे धार मऊ पडते. शिवाय ज्या जबड्यात काल गंजका खिळा होता तो आमटीच्या पातेल्याजवळ कशाला?

पावसाळ्यात हत्यारं गंजतात. काम झालं की कोरड्या फडक्याने पुसायची आणि सांध्यात शिवणाच्या मशिनच्या तेलाचा एकच थेंब सोडून दोन-चारदा उघडझाप करायची. दांड्या पुसून कोरड्या ठेवायच्या, तेलकट हात घसरतो. सांधा गंजून धरला असेल तर रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून सकाळी हलवून पाहा. सुटला की नीट पुसून तेल. मी दोन्ही हत्यारं जुन्या जीनच्या कापडाच्या पिशवीत, दोन कप्पे शिवून ठेवली आहेत. मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर, टेस्टरच्या शेजारी.

अंगणात आता नायलॉनची दोरी आहे, आणि तीही विजेच्या तारेपासून पार दुसऱ्या टोकाला, भिंत बदलून. दुकानात हिरवं-निळं प्लास्टिक चढवलेली तार मिळते, ती दिसायला छान. पण आत लोखंडच, आणि उन्हाने वरचं प्लास्टिक तडकतं. तसली आमच्याकडे नको असं मी सांगून ठेवलं. नायलॉनची दोरी ओझ्याने जरा झुकते आणि उन्हाने वर्षा-दोन वर्षांत पिचते, तेव्हा बदलावी लागते. ती कापायला पक्कड वापरू नका, धागे विस्कटतात. कात्रीने कापून टोकं मेणबत्तीवर धरा, ती वितळून बंद होतात. काकांनी घरच्या मेन बोर्डात तीस मिलिअँपियरचा गळतीचा ब्रेकर बसवायला सांगितलं होतं; तोही दिवाळीआधी बसवून घेतला. घरातल्या वायरिंगमधून वीज कुठे गळली तर तो पडतो. बाहेरच्या तारेचं मात्र तोही काही करू शकत नाही, म्हणून पावसाळ्याआधी एकदा मान वर करून ती तार कुठे घासते का, झाडाची फांदी तिच्यावर आली आहे का, हे आम्ही पाहतो.

त्या शनिवारी हे आले, जेवण झाल्यावर बाह्या सरसावून म्हणाले, “चल, ती तार काढू.” मी अंगणातला दिवा लावला. नव्या दोरीवर धाकट्याचे मोजे वाळत होते. हे थोडा वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, “पक्कड कुठे आहे?” जुनी मशिनच्या खणात नव्हती. ती सासूबाईंनी पुसून देवघराच्या फडताळात, मामंजींच्या चष्म्याशेजारी ठेवली आहे. नवी मी त्यांना दाखवली. यांनी ती दोनदा उघडली, मिटली आणि म्हणाले, “जरा लहान आहे.” मी म्हटलं, “हो, माझ्या हाताची आहे.”